व्हीएस कोडमध्ये प्रोजेक्टची मांडणी: कोणता फोल्डर उघडायचा, कोणतं सेटिंग कुठे ठेवायचं

‘फाइल समोर दिसतेय, तरी प्रोग्रॅम म्हणतो सापडली नाही.’ ‘टॅब दोनचा केला, तरी चारच पडतो.’ ‘शोधायला गेलं की हजारभर नको त्या फाइली येतात.’ व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर नव्याने वापरणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून याच असतात. मूळही बहुतेक वेळा एकच निघतं: एडिटरमध्ये कोणता फोल्डर उघडलाय आणि सेटिंग कोणत्या पातळीवर बदललंय, याकडे लक्ष गेलेलं नसतं. या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी नीट लावून घेतल्या तर पुढचा बराच त्रास वाचतो.

मेनू, सेटिंग आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. पडद्यावर ती रोमन लिपीत दिसतील, उच्चारावरून ओळखता येतील. कळा विंडोज आणि लिनक्सच्या दिल्या आहेत. मॅकवर बहुतेक ठिकाणी कंट्रोलऐवजी कमांड दाबा.

आधी जागा

सगळे प्रोजेक्ट एकाच मोठ्या फोल्डरात ठेवा. तुमच्या होम फोल्डरात, म्हणजे विंडोजवर ‘यूजर्स’च्या आत तुमच्या नावाचा जो फोल्डर असतो त्यात, ‘कोड’ नावाचा फोल्डर करा आणि प्रत्येक प्रोजेक्टला त्यात स्वतंत्र फोल्डर द्या.

डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स टाळा. विंडोजवर हे दोन्ही फोल्डर बऱ्याचदा वनड्राइव्हला जोडलेले असतात. जावास्क्रिप्टचा साधा प्रोजेक्टसुद्धा ‘नोड मॉड्यूल्स’ फोल्डरात हजारो बारीक फाइली आणून टाकतो आणि वनड्राइव्ह त्यातली एकेक फाइल वर चढवत बसतं. मशीन मंदावतं, मध्येच एखादी फाइल ‘वापरात आहे’ म्हणून इन्स्टॉलेशन अडतं. कोडची प्रत सुरक्षित ठेवायची तर त्यासाठी गिट आहे, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम. शिवाय विंडोजवरच्या अनेक प्रोग्रॅमना अजून २६० अक्षरांपेक्षा लांब पाथ झेपत नाही. नोड मॉड्यूल्सची रचना मुळातच खोल; त्यात प्रोजेक्ट पाच फोल्डर आत असेल तर मर्यादा लवकर गाठली जाते.

नावांचे नियम थोडे आहेत, पण ते मोडले की चूक शोधता सापडत नाही. रोमन लिपीतली लहान अक्षरं वापरा आणि मोकळी जागा सोडू नका. दोन शब्दांमध्ये हायफन चालतो. पायथनची फाइल दुसऱ्या फाइलीत इम्पोर्ट करायची असेल तर मात्र हायफन चालत नाही, तिथे अंडरस्कोर. विंडोज आणि मॅक साधारणपणे कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत भेद करत नाहीत, लिनक्स करतो. त्यामुळे पेजमध्ये लोगोचं नाव स्मॉलमध्ये लिहिलंय आणि फाइलीचं पहिलं अक्षर कॅपिटल आहे, तर लॅपटॉपवर चित्र दिसेल आणि सर्व्हरवर चढवल्यावर गायब होईल.

आणखी एक: पायथनच्या लायब्ररीचं नाव आपल्या फाइलीला देऊ नका. ‘सीएसव्ही’, ‘रँडम’, ‘टर्टल’ ही नावं शिकताना हमखास दिली जातात. मग ‘इम्पोर्ट सीएसव्ही’ म्हटल्यावर पायथन आधी शेजारची तुमचीच फाइल उचलतो आणि लायब्ररीतलं फंक्शन नाही म्हणून ओरडतो.

फोल्डर उघडायचा, फाइल नव्हे

फाइलवर डबल क्लिक केलं तरी व्हीएस कोड उघडतो, पण त्या विंडोला प्रोजेक्ट नसतो. डावीकडे फाइलींची यादी नसते आणि सेटिंग्जमध्ये वर्कस्पेसचा टॅबही येत नाही. म्हणून फाइल मेनूत ‘ओपन फोल्डर’ घ्या (कंट्रोल + के, मग कंट्रोल + ओ) आणि प्रोजेक्टचा फोल्डर निवडा. टर्मिनलमधून जायचं तर त्या फोल्डरात जाऊन ‘कोड’, मोकळी जागा आणि टिंब एवढं टाइप करा. मॅकवर ही कमांड आधी बसवावी लागते: कंट्रोल + शिफ्ट + पी ऐवजी कमांड + शिफ्ट + पी दाबून कमांड पॅलेट उघडा, ‘शेल कमांड’ टाइप करा आणि ‘इन्स्टॉल कोड कमांड इन पाथ’ निवडा.

आता नेमका कोणता फोल्डर, हे एका उदाहरणावर पाहू. ‘कोड’ फोल्डरात ‘हिशोब’ नावाचा प्रोजेक्ट आहे. त्यात ‘मेन’ ही पायथनची फाइल आणि ‘डेटा’ फोल्डर, आणि डेटात ‘जून’ नावाची सीएसव्ही फाइल. प्रोग्रॅममध्ये पाथ लिहिलाय ‘डेटा/जून.सीएसव्ही’.

तुम्ही ‘हिशोब’ उघडलात, तर व्हीएस कोडचं टर्मिनल ‘हिशोब’मध्ये सुरू होतं. वरच्या कोपऱ्यातलं रनचं बटण दाबलं की प्रोग्रॅम तिथून चालतो, ‘डेटा’ तिथेच आहे, फाइल मिळते. तुम्ही एक पायरी वरचा ‘कोड’ उघडलात, तर टर्मिनल ‘कोड’मध्ये सुरू होतं. डावीकडे सगळं दिसतंय, मेन फाइलही उघडलीये, पण प्रोग्रॅम ‘डेटा’ शोधतो तो ‘कोड’च्या आत. तिथे तो नाही. ‘फाइल नॉट फाउंड एरर’ येतो. पाथ बरोबर आहे, कोड बरोबर आहे, उभं राहायची जागा चुकलीये. अशा वेळी लोक सी ड्राइव्हपासूनचा पूर्ण पाथ लिहून मोकळे होतात. तेवढ्यापुरतं काम होतं, पण दुसऱ्या कुणाच्याही मशीनवर तो प्रोग्रॅम चालणार नाही.

फोल्डर वरचा उघडला की इतरही गोष्टी बिघडतात. ‘हिशोब’च्या आत ठेवलेली त्याची सेटिंग्ज वाचली जात नाहीत, कारण व्हीएस कोड ती उघडलेल्या फोल्डराच्या माथ्यावरच शोधतो. शिवाय सोर्स कंट्रोलच्या खिडकीत चार प्रोजेक्टचे गिट एकत्र येऊन बसतात. उलट, खालचा फोल्डर उघडला, समजा फक्त ‘एसआरसी’, तरी तोच घोटाळा: सेटिंग्ज वर राहतात, आणि गिट ‘रिपॉझिटरी वरच्या फोल्डरात सापडली, उघडू का’ असं विचारतं (रिपॉझिटरी म्हणजे गिट सांभाळत असलेला फोल्डर). हा प्रश्न दिसला की समजा, एक पायरी खाली उतरलोय.

ओळखायची खूण सोपी आहे. एक्सप्लोररच्या (कंट्रोल + शिफ्ट + ई) माथ्यावर ठळक अक्षरांत फोल्डराचं नाव असतं. त्याच्या खाली पहिल्याच पातळीवर रीडमी, गिटइग्नोर (गिटने वगळायच्या फाइलींची यादी), पॅकेज.जेसन किंवा रिक्वायरमेंट्सची फाइल दिसत असेल तर बरोबर फोल्डर उघडलाय.

एका वेळी एका विंडोत एकच प्रोजेक्ट ठेवा. दुसरा हवा असेल तर कंट्रोल + शिफ्ट + एनने नवी विंडो घ्या. आधी उघडलेल्या प्रोजेक्टकडे जायला कंट्रोल + आर. तिथे नावाची दोन-तीन अक्षरं पुरतात.

फोल्डरांची नावं एका ओळीत तिरक्या रेघांनी जोडून दिसली तर घाबरू नका. ज्या फोल्डराच्या आत एकच फोल्डर आहे, त्यांची नावं व्हीएस कोड एका ओळीत दाबून दाखवतो. नवी फाइल त्यातल्या चुकीच्या पातळीवर पडायची शक्यता असते, म्हणून सुरुवातीला ‘एक्सप्लोरर: कॉम्पॅक्ट फोल्डर्स’ हे सेटिंग बंद ठेवावं, असं आमचं मत.

विश्वासाचा प्रश्न

फोल्डर पहिल्यांदा उघडला की एक चौकट विचारते: या फाइलींच्या लेखकांवर तुमचा विश्वास आहे का? बहुतेक जण न वाचता ‘येस’ दाबतात. प्रश्न मात्र खरा आहे. प्रोजेक्टच्या सेटिंग्जमधून आणि टास्कमधून तुमच्या मशीनवर प्रोग्रॅम चालवता येतात. कुठून तरी उतरवलेल्या फोल्डरात कुणी काय ठेवलंय ते तुम्ही पाहिलेलं नसतं. ‘नो’ म्हटलं तर फोल्डर ‘रिस्ट्रिक्टेड मोड’मध्ये उघडतो. फाइली वाचता येतात, बदलताही येतात, पण टास्क, डीबगिंग आणि बरीच एक्स्टेन्शन्स (एडिटरला वरून जोडलेल्या जादा सोयी) बंद राहतात.

स्वतःच्या प्रोजेक्टला ‘येस’ म्हणा. चौकटीत आणखी एक टिकमार्क असतो, वरच्या फोल्डरातल्या सगळ्यावर विश्वास ठेवण्याचा. ‘कोड’ फोल्डरात तुमचंच काम असेल तर तो चालेल. डाउनलोड्समध्ये तो कधीही लावू नका. एक्स्टेन्शन कारण नसताना मुकं झालं, तर खालच्या पट्टीत ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ लिहिलंय का ते आधी पाहा. त्यावर क्लिक करून नंतरही विश्वास देता येतो.

सेटिंगच्या पातळ्या

कंट्रोल + स्वल्पविराम दाबलं की सेटिंग्ज उघडतात. शोधपट्टीखाली दोन टॅब असतात: ‘यूजर’ आणि ‘वर्कस्पेस’. यूजरमधलं सेटिंग तुमच्या मशीनवरच्या प्रत्येक प्रोजेक्टला लागू होतं, वर्कस्पेसमधलं फक्त उघडलेल्या प्रोजेक्टला. दोन्हीकडे एकच सेटिंग असेल तर वर्कस्पेसचं चालतं.

नवशिके सगळं यूजरमध्ये बदलतात, कारण उघडल्यावर तोच टॅब समोर असतो. मग एका प्रोजेक्टसाठी केलेला बदल दुसऱ्याला नडतो. वाटणीचा हिशेब साधा ठेवा. जे तुमच्या डोळ्यांशी आणि सवयीशी जोडलेलं आहे, म्हणजे फॉन्ट, अक्षराचा आकार, थीम, झूम, ऑटो सेव्ह, ते यूजरमध्ये. जे कोडशी जोडलेलं आहे, म्हणजे टॅबची रुंदी, ओळीच्या शेवटची खूण, फॉर्मॅटर (कोडची मांडणी आपोआप नीट करणारं साधन), लपवायच्या फाइली, ते वर्कस्पेसमध्ये. प्रोजेक्ट दुसऱ्याच्या हातात गेल्यावर त्यालाही जे लागणार आहे, ते सगळं दुसऱ्या वाट्यात येतं.

एकदा करून पाहा. प्रोजेक्ट उघडा, सेटिंग्जमध्ये वर्कस्पेसचा टॅब निवडा, शोधपट्टीत ‘टॅब साइझ’ लिहा आणि आकडा २ करा. आता एक्सप्लोरर पाहा: माथ्यावर ‘.व्हीएसकोड’ नावाचा फोल्डर तयार झालाय, आत ‘सेटिंग्ज.जेसन’ आहे आणि त्यात तुमचा एकच बदल लिहिलाय. वर्कस्पेस सेटिंग म्हणजे एवढंच, प्रोजेक्टबरोबर फिरणारी एक मजकुराची फाइल. यूजर सेटिंग्जचीही अशीच फाइल असते, पण ती एडिटरच्या स्वतःच्या फोल्डरात, प्रोजेक्टबाहेर.

ही फाइल हातानेही लिहिता येते. कमांड पॅलेटमध्ये ‘ओपन वर्कस्पेस सेटिंग्ज (जेसन)’ निवडा. दोन सेटिंगांमधला स्वल्पविराम राहिला की लाल नागमोडी रेघ येते. ती असताना पुढे जाऊ नका. विंडोजचा पाथ लिहिताना उलटी तिरकी रेघ दोनदा लिहावी लागते, किंवा सरळ पुढची तिरकी रेघ वापरा. पासवर्ड, एपीआय की असलं काही या फाइलीत ठेवू नका. ती गिटमधून सगळ्यांकडे जाते.

ऑटो सेव्हबद्दल एक वाक्य: डेस्कटॉपवर तो मुळात बंद असतो. टॅबवर नावाशेजारी ठिपका म्हणजे फाइल सेव्ह झालेली नाही, आणि ब्राउझरमध्ये पान बदलत का नाही याचं उत्तर निम्म्या वेळा तो ठिपका असतो.

टॅब दोनचा केला, तरी चारच का?

याची तीन कारणं असतात, आणि ती याच क्रमाने तपासावीत.

पहिलं, ‘एडिटर: डिटेक्ट इंडेंटेशन’. हे सेटिंग मुळात चालू असतं. फाइल उघडताना व्हीएस कोड आतला मजकूर पाहून टॅबची रुंदी स्वतःच ठरवतो आणि तुमचा आकडा बाजूला ठेवतो. जुन्या फाइलीत चार-चार स्पेस असतील तर चारच पडणार. प्रोजेक्टचा नियम ठरलेला असेल तर वर्कस्पेसमध्ये हे बंद करा.

दुसरं, भाषेनुसार ठरलेलं सेटिंग. एखाद्या भाषेपुरतं केलेलं सेटिंग सर्वसाधारण सेटिंगवर मात करतं, आणि गंमत म्हणजे ते यूजरमध्ये असलं तरी वर्कस्पेसमधल्या सर्वसाधारण सेटिंगवरही मात करतं. पातळ्यांचा क्रम पाठ केलेला माणूस इथेच फसतो. यामलच्या फाइलींसाठी दोन स्पेस हे तर व्हीएस कोडनेच आधीपासून ठरवून ठेवलंय, त्यामुळे टॅब साइझ चार केलात तरी यामलमध्ये दोनच राहतील. भाषेपुरतं बदलायचं तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘@लँग:पायथन’ असं लिहून मग सेटिंग शोधा.

तिसरं, प्रोजेक्टच्या माथ्यावर ‘.एडिटरकॉन्फिग’ नावाची फाइल असेल आणि तिचं एक्स्टेन्शन बसवलेलं असेल, तर त्या फाइलीतला आकडा चालतो. तो बदलायचा असेल तर तिथेच जाऊन बदला.

सेटिंग बदलल्याने आधी लिहिलेल्या ओळी हलत नाहीत, हेही लक्षात असू द्या. खालच्या पट्टीत ‘स्पेसेस: ४’ असं दिसतं, त्यावर क्लिक केलं की टॅबचे स्पेस करून मिळतात; पण चार स्पेसचे दोन करायला फॉर्मॅटर लागतो (विंडोजवर शिफ्ट + ऑल्ट + एफ, लिनक्सवर कंट्रोल + शिफ्ट + आय). फॉर्मॅटर दोन बसवलेले असतील तर ‘एडिटर: डिफॉल्ट फॉर्मॅटर’मध्ये एक नक्की करा, नाहीतर ‘फॉर्मॅट ऑन सेव्ह’ चालू असूनही काही घडत नाही.

रिकाम्या स्पेस कापणारं ‘ट्रिम ट्रेलिंग व्हाइटस्पेस’ लावावंच, पण मार्कडाउनसाठी बंद ठेवा. तिथे ओळीच्या शेवटचे दोन स्पेस म्हणजे नवी ओळ.

नको त्या फाइली

इथे तीन वेगळी सेटिंग्ज आहेत आणि तिन्ही एकच समजली जातात.

‘फाइल्स: एक्सक्लूड’ फाइल यादीतूनच लपवतं. पायथन जो ‘__पायकॅश__’ फोल्डर तयार करतो, त्यासाठी हे योग्य. वर्कस्पेसच्या टॅबमध्ये हे सेटिंग शोधा, ‘अ‍ॅड पॅटर्न’ दाबा आणि ‘**/__पायकॅश__’ अशी नोंद करा. दोन तारे म्हणजे ‘कितीही आत असला तरी’. लपवलेली फाइल डिस्कवर असतेच, गिटमध्येही जाऊ शकते. म्हणून पासवर्डवाली ‘.ईएनव्ही’ फाइल इथे कधी लपवू नका. नजरेआड झाली की ती गिटइग्नोरमध्ये टाकायची राहते आणि कमिटमधून, म्हणजे गिटमधल्या नोंदीतून, जगजाहीर होते.

‘सर्च: एक्सक्लूड’ फाइल यादीत ठेवतं, फक्त शोधातून वगळतं. नोड मॉड्यूल्स इथे आधीच लिहिलेलं असतं. आउटपुट, बिल्ड, डिस्ट असले फोल्डर इथे टाका.

‘फाइल्स: वॉचर एक्सक्लूड’ व्हीएस कोडला सांगतं की या फोल्डरातल्या बदलांवर नजर ठेवू नकोस. लिनक्सवर मोठा प्रोजेक्ट उघडल्यावर नजर ठेवण्याची मर्यादा संपल्याची सूचना येते, तेव्हा याची गरज पडते. हजारो फोटो किंवा डेटाच्या फाइली असलेला फोल्डर वगळला की बहुधा भागतं.

उलटी तक्रारही येते, की शब्द फाइलीत आहे आणि शोधात येत नाही. शोध गिटइग्नोरमधल्या फाइलीही वगळतो. शोधाच्या खिडकीत (कंट्रोल + शिफ्ट + एफ) तीन ठिपके दाबा. ‘फाइल्स टु एक्सक्लूड’च्या चौकटीत छोटं बटण आहे, ते बंद केलं की सगळीकडे शोधलं जातं.

फाइलीत मराठी मजकूर असेल तर

एडिटर मराठी दाखवतो, पण मात्रा वरच्या ओळीत कापल्या जातात किंवा अक्षर बारीक दिसतं. यूजर सेटिंग्जमध्ये ‘एडिटर: फॉन्ट फॅमिली’ पाहा. इथे स्वल्पविरामाने अनेक फॉन्ट देता येतात. पहिल्यात जे अक्षर नाही ते दुसऱ्यातून घेतलं जातं. पहिला तुमचा नेहमीचा कोडचा फॉन्ट ठेवा, त्यानंतर देवनागरीचा: विंडोजवर निर्मला यूआय असतोच, नोटो सान्स देवनागरी मोफत मिळतो. नावात मोकळी जागा असेल तर ते एकेरी अवतरणात लिहा. मग ‘एडिटर: लाइन हाइट’ १.६ करा. इथे आठपेक्षा लहान आकडा अक्षराच्या आकाराच्या पटीत मोजला जातो. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं तुटकी दिसली तर फाइल बिघडली असं समजू नका. टर्मिनल प्रत्येक अक्षर ठरावीक चौकोनात बसवू पाहतं, त्यात देवनागरी मावत नाही.

खालच्या पट्टीत उजवीकडे ‘यूटीएफ-८’ दिसायला हवं. मराठी नावांची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडली आणि सगळीकडे चित्रविचित्र खुणा आल्या, तर ‘यूटीएफ-८’वर क्लिक करा, ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’ घ्या आणि ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ निवडा. बॉम म्हणजे फाइलीच्या सुरुवातीची न दिसणारी खूण. ती पाहून एक्सेलला एन्कोडिंग कळतं. आता हीच फाइल पायथनने वाचली की पहिल्या रकान्याच्या नावाला ती अदृश्य खूण चिकटून येते आणि ‘नाव’ रकाना असूनही ‘नाव’ सापडत नाही. वाचताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या, खूण गळून पडते. विंडोजवर पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग लिहिलंच नाही तर सहसा जुनं पाश्चात्त्य एन्कोडिंग धरलं जातं आणि मराठी वाचताना एरर येतो किंवा कचरा हाती येतो. ते प्रत्येक वेळी लिहायचंच.

पायथनवाल्यांसाठी

प्रत्येक प्रोजेक्टला त्याचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट द्या, म्हणजे त्याच्या लायब्ररींची वेगळी जागा. कमांड पॅलेट, ‘पायथन: क्रिएट एन्व्हायर्नमेंट’, मग ‘व्हेन्व’. प्रोजेक्टच्या माथ्यावर ‘.व्हेन्व’ फोल्डर तयार होतो. तो गिटइग्नोरमध्ये टाका. लायब्ररी बसवूनही ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ येत असेल तर लायब्ररी एका पायथनमध्ये गेलीये आणि प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालतोय. पायथनची फाइल उघडी असताना खालच्या पट्टीत उजवीकडे आवृत्ती दिसते. त्यावर क्लिक करून ‘.व्हेन्व’मधला इंटरप्रिटर निवडा आणि जुनं टर्मिनल बंद करून नवं उघडा. जुनं टर्मिनल आधीचाच पायथन धरून बसलेलं असतं.

दोन फोल्डर, एक विंडो

वेबसाइटचा पुढचा भाग एका रिपॉझिटरीत आणि सर्व्हर दुसऱ्या, अशा वेळी एका विंडोत दोन फोल्डर घेणं सोयीचं. एक फोल्डर उघडा, फाइल मेनूत ‘अ‍ॅड फोल्डर टु वर्कस्पेस’ घ्या, दुसरा निवडा. नंतर ‘सेव्ह वर्कस्पेस अ‍ॅज’ करून ‘.कोड-वर्कस्पेस’ फाइल दोन्ही फोल्डरांच्या वरच्या पातळीवर ठेवा. जवळ ठेवली की पाथ सापेक्ष राहतात आणि अख्खं बिऱ्हाड हलवलं तरी मोडत नाहीत.

आता सेटिंग्जमध्ये तिसरा टॅब येतो, ‘फोल्डर’. थीम, झूम अशी पूर्ण विंडोची सेटिंग्ज फोल्डरच्या पातळीवर चालत नाहीत. ती तिथे फिकी दिसतात. आणि पुढच्या वेळी ‘.कोड-वर्कस्पेस’ फाइलच उघडायची. सवयीने नुसता फोल्डर उघडला तर त्या फाइलीतलं एकही सेटिंग लागू होत नाही.

दोन-तीन विंडो एकदम उघड्या असतील तर प्रत्येकीला रंग द्या: जेसनमध्ये ‘वर्कबेंच.कलरकस्टमायझेशन्स’खाली ‘स्टेटसबार.बॅकग्राउंड’. चालू सर्व्हरशी जोडलेल्या प्रोजेक्टची पट्टी लाल केली तर चुकीच्या खिडकीत कमांड मारण्याआधी हात थबकतो. हा रंग शक्यतो तुमच्या वर्कस्पेस फाइलीत ठेवा, ‘.व्हीएसकोड’मध्ये ठेवून कमिट केलात तर साऱ्या टीमच्या पट्ट्या लाल होतील.

‘.व्हीएसकोड’ फोल्डर कमिट करावा का, यावर टीमागणिक मतं बदलतात. आमच्या मते सेटिंग्ज आणि ‘एक्स्टेन्शन्स.जेसन’ करावीत. दुसऱ्या फाइलीत प्रोजेक्टला लागणाऱ्या एक्स्टेन्शन्सची यादी असते, आणि नवा माणूस फोल्डर उघडतो तेव्हा ती बसवायची का असं त्याला विचारलं जातं. तुमच्याकडे एक्स्टेन्शन्सचा ढीग झाला असेल तर एक्स्टेन्शनच्या दातेरी चाकावर क्लिक करून ‘डिसेबल (वर्कस्पेस)’ घ्या, म्हणजे ते त्या प्रोजेक्टपुरतंच बंद राहील.

काही अडलं तर

सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘@मॉडिफाइड’ लिहा. तुम्ही आजवर बदललेलं तेवढंच दिसेल. सेटिंगच्या नावाशेजारी ‘ऑल्सो मॉडिफाइड इन’ असेल तर ते दुसऱ्या पातळीवरही बदललंय. त्या शब्दावर क्लिक केलं की तिथेच पोचता. नको असलेलं चाकावर क्लिक करून ‘रीसेट सेटिंग’ने मूळपदावर न्या. तरीही सुटलं नाही तर कमांड पॅलेटमधून ‘रीलोड विंडो’. एखाद्या एक्स्टेन्शनचा संशय असेल तर ‘स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट’: व्हीएस कोड निम्मी एक्स्टेन्शन्स बंद करून विचारतो, अडचण गेली का? अशा पाच-सहा प्रश्नांत गुन्हेगार हाती लागतो.

दुसऱ्या मशीनवर नेताना

यूजर सेटिंग्ज ‘सेटिंग्ज सिंक’ने जातात, गिटहब किंवा मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. वर्कस्पेस सेटिंग्ज त्यात जात नाहीत, त्या गिटबरोबर जातात.

पेनड्राइव्हवर फोल्डर कॉपी करत असाल तर आधी ‘नोड मॉड्यूल्स’ आणि ‘.व्हेन्व’ काढून टाका. पहिला पॅकेज.जेसनवरून परत बसवता येतो. दुसरा हलवला तर चालतच नाही, कारण त्याच्या आत जुन्या जागेचे पूर्ण पाथ लिहिलेले असतात. एकाच मशीनवर फोल्डराचं नाव बदललं तरी तो मोडतो. म्हणून काढण्यापूर्वी ‘पिप फ्रीज’ने लायब्ररींची यादी रिक्वायरमेंट्सच्या फाइलीत उतरवून घ्या. विंडोजबरोबर येणाऱ्या जुन्या पॉवरशेलमध्ये बाणाच्या खुणेने ही फाइल केली तर ती यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते आणि गिट तिला मजकूर मानत नाही, त्यामुळे बदल ओळीओळीने दिसत नाहीत. फाइल व्हीएस कोडमध्ये उघडा, खालच्या पट्टीत ‘यूटीएफ-१६ एलई’ दिसलं तर ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’मधून ‘यूटीएफ-८’ करा आणि मगच कमिट करा.